थोरली

थोरली सपाट बसत नाही. टेबलावर ठेवली की तिचा वरचा पुठ्ठा दोन बोटं उचललेलाच राहतो. चारचौघांत कुणी बोलायला तोंड उघडावं आणि दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघत तसंच थांबावं, तशी दिसते. मी तिच्यावर शब्दकोश ठेवून पाहिले, गादीखाली घालून पाहिली, एक अख्खा मे महिना लोखंडी पेटीखाली ठेवली. वजन असेपर्यंत ऐकते. वजन काढलं की अर्ध्या तासात पुन्हा पहिल्यासारखी. २६ जुलै २००५ला तिच्या अंगात शिरलेलं पाणी केव्हाच वाळलं, पण फुगवटा तिने सोडला नाही.

अंगकाठीने ती अगदी साधी. दोनशे पानी, एकेरी रेघांची, लाल समासाची, मधोमध दोन पिना मारलेली वही. जून २००४मध्ये मुलुंड पूर्वेच्या एका दुकानातून सहावीच्या वह्यांच्या डझनाबरोबर आमच्या घरी आली. बाकीच्या वह्यांसारखंच तिला खाकी कव्हर चढलं, लेबल लागलं. लेबलवर विषय लिहिला होता : भूगोल (सराव). भूगोलाशी तिचा काही संबंध नव्हता. घरची मोठी माणसं गणिताची वही उघडतात, इंग्रजीची उघडतात, परीक्षा जवळ आली की विज्ञानाचीही. भूगोलाच्या सरावाच्या वहीला कुणी हात लावत नाही, हे माझ्या मैत्रिणीने हेरलं होतं. हेरलेलं बरोबर निघालं. सव्वादोन वर्षं थोरली दोन घरांत राजरोस नांदली आणि तिच्या पोटात काय आहे हे आमच्या चारही आईबापांपैकी एकालाही कळलं नाही.

मैत्रिणीचं खरं नाव इथे लिहीत नाही. थोरलीत तिने स्वतःसाठी तारा हे नाव घेतलं होतं आणि मी रेवा. तीच नावं चालवते.

आम्ही दोघी आपापल्या घरातल्या पहिल्या. मला धाकटा भाऊ, ताराला धाकटी बहीण. ‘तू मोठी आहेस ना, मग दे त्याला’ हे दोन्ही घरांत दिवसातून चारदा ऐकू यायचं. आपल्यालाही कुणी मोठं असावं, जिच्यापाशी हट्ट करता येईल, जी सगळं ऐकून घेईल आणि आईला सांगणार नाही, असं फार वाटायचं. म्हणून वहीला थोरली म्हणायला लागलो. ‘थोरली आज कुणाकडे?’ ‘थांब, थोरलीला विचारते.’ वर्गातल्या मुलींना वाटायचं, आमच्यापैकी कुणाच्या तरी नात्यात ताई आहे.

त्या वयात परीक्षेला आत्मवृत्ताचा निबंध हमखास यायचा. फाटक्या पुस्तकाचं, पडक्या किल्ल्याचं, जुन्या छत्रीचं. वस्तूला बोलतं करायचं आणि आपलं दुःख सांगायला लावायचं. थोरलीवर तसा निबंध लिहिणं मला कधी जमलं नसतं. ती बोलकी नव्हतीच. समोरच्याने जे दिलं ते ठेवून घ्यायचं, जसं दिलं तसंच ठेवायचं, हा तिचा स्वभाव. कुणी दाबून लिहिलं तर तो दाबही ती ठेवून घेई.

दाबून लिहिणारी मी. माझ्याकडे साधं बॉलपेन, काळं. माझं अक्षर पानाच्या पाठीवर उमटायचं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळायचं की हे पान रेवाचं. ताराचं अक्षर मोत्यासारखं, वर्गातल्या फळ्यावर सुविचार लिहायला तिलाच बोलावत. ती निळ्या जेल पेनने लिहायची. कागदावरून पेन नुसतं घरंगळत जायचं, मागे काही खूण नाही.

पहिल्या पानावर नियम आहेत, माझ्या हातचे. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की थोरलीने घर बदलायचं. ती ज्या घरी असेल तिथल्या मुलीने आठवड्याभरात दोन पानं लिहायची. पाळी चुकवायची नाही. पान फाडायचं नाही. आणि सगळ्यांत शेवटचा, ताराने सुचवलेला : आपलं शेवटचं वाक्य पूर्ण करायचं नाही.

हा शेवटचा नियम म्हणजे थोरलीचा प्राण होता. शनिवारी वही हातात आली की मी आधी शेवटची ओळ काढायची. ‘दिवा घेऊन उभा असलेला माणूस वळला, आणि त्याचा चेहरा’. बस, एवढंच. निळी ओळ तिथे तुटलेली. मग आठवडाभर तो चेहरा माझ्यामागे. प्रार्थनेच्या वेळी, भाताच्या पहिल्या घासाला, रात्री पंख्याकडे बघताना. गुरुवार-शुक्रवारी कधीतरी मी लिहायची : ‘रेवाने आधी कुठेतरी पाहिला होता.’ वाक्य एक, अक्षरं दोन, शाई दोन रंगांची. पुढे मी पुष्कळ वाचलं, लिहिलं, पण दुसऱ्याचं वाक्य आपल्या तोंडात घेऊन आठवडा काढण्याचा तो अनुभव पुन्हा आला नाही.

कादंबरीचं नाव होतं ‘मिठागरातला दिवा’. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेला द्रुतगती महामार्ग दिसायचा आणि त्याच्या पलीकडे मिठागरं. उन्हाळ्यात मिठाचे ढीग पांढरे, टोकदार, ओळीने उभे. त्यांच्यामागे खाडीची हिरवट रेघ. थंडीत रोहित पक्षी यायचे. एवढ्या लांबून ते गुलाबी डागच वाटत. पावसाळ्यात मात्र सगळं एकसारखं पाणी. मुलुंडच्या आमच्या भागाला पश्चिमेला रेल्वेचे रूळ, पूर्वेला हे खारं मोकळं रान. एवढ्या गर्दीच्या शहरात जिथे कुणी राहत नाही अशी जागा घराच्या इतकी जवळ असणं, यातच आम्हाला रहस्य दिसलं. रात्री तिथे एक दिवा फिरतो, असं ठरलं. तो कुणाचा, हे शोधायला रेवा आणि तारा निघाल्या.

साहसाचं वेड वाचनातून आलं होतं. रुळांवरचा पूल ओलांडून पश्चिमेला महाराष्ट्र सेवा संघाच्या वाचनालयात जायचं, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणायचा, ‘किशोर’चे अंक चाळायचे. फेणे फुरसुंगीचा, आमच्यासारखाच किडकिडीत, आणि जिथे गडबड तिथे हजर. आम्हाला तो फार आवडायचा, पण अंधारात पुढे जाणारा नेहमी मुलगाच, ही गोष्ट ताराच्या आधी लक्षात आली. म्हणून तिने रेवाला पुढे धाडलं. तिची तारा मात्र अंधाराला भ्यायची. दिवा दिसला की तारा थांबायची, मागे वळायची, कधी खडकाआड बसून राहायची. तिच्या प्रत्येक पाळीत तारा कशाला तरी भ्यायची आणि ते भिणं तारा इतक्या बारकाव्याने लिहायची की वाचताना माझ्याच पोटात गोळा यायचा. ते किती अवघड आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटे, तिची नायिका जरा भित्री झालीय, कुणीतरी सुधारायला हवी.

पान फाडायचं नाही या नियमाला एक कारण होतं आणि ते शाळेतल्या कुणालाही सांगावं लागत नसे. पिनांच्या वहीत प्रत्येक पानाला जुळं असतं. एक लांब कागद मधोमध दुमडलेला, अर्धा पुढे, अर्धा मागे. पुढचं पान फाडलं की मागचं ढिलं होतं. म्हणून होड्या करायला कागद हवा असेल तर पोरं वही बरोबर मध्यावर उघडत, पिनांची टोकं नखाने उचलत आणि मधला कागद अख्खा काढून घेत. दोनशे पानी वहीत १ आणि २०० एकाच कागदावर, ३७ आणि १६४ एकाच कागदावर. बेरीज नेहमी २०१. हा हिशेब ताराने सहावीत करून समासात लिहून ठेवला होता. अजून आहे.

२६ जुलैचा तो मंगळवार माझ्या आठवड्यातला. सातवीची शाळा दुपारची. पावसाचा जोर वाढला तशी शाळा मध्येच सुटली. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तिकडे कुलाब्याला ७३, हे नंतर पेपरात वाचलं. त्या दिवशी एवढंच कळत होतं की रस्ता दिसत नाही. गुडघ्यावर पाणी, मग मांडीपर्यंत. दप्तर डोक्यावर घ्यायचं मला सुचलं, पण उशिरा. बाबा त्या रात्री आलेच नाहीत. गाड्या बंद, फोन बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी कुर्ल्याहून रुळांवरून चालत आले, चपला हातात. आई दाराशी बसून रडली आणि मी आत थोरली उघडून बसले होते.

जेलची शाई पाण्यात कालवलेली असते, बॉलपेनची तेलात. माझी पानं जशीच्या तशी होती. ताराची सगळी गेली. ९२ पानं झाली होती, त्यांतली तिची ४४ आणि नियमांच्या पाठीवर तिने काढलेला मिठागराचा नकाशा. तिथे नुसतं निळं धुकं उरलं होतं, कुठे फिकट, कुठे गडद, एखाद्या वेलांटीचं शेपूट दिसेल न दिसेल असं. वीज नव्हती. मी पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घातले, नंतर आईच्या डब्यातली पावडर. थोरलीला पावडरचा वास तेव्हापासून आहे.

तारा तापाने पडली. त्या पुरानंतर मुंबईत ताप फार पसरला होता. तिला पंधरा दिवस भेटायलाही जाऊ देत नव्हते. तेव्हा मी ठरवलं की ती बरी होईपर्यंत तिची पानं पुन्हा लिहून काढायची. मला ती तोंडपाठ होती, निदान तसं वाटत होतं. त्या निळ्या धुक्यावरच काळ्या बॉलपेनने, ओळीवर ओळ. गणपती येईपर्यंत तिच्या ४४पैकी ४२ पानं झाली. मी ते सगळं मायेने केलं. रात्री भाऊ झोपल्यावर ओट्याच्या दिव्याखाली बसून, बोटाला घट्टा पडेपर्यंत. मायेने केलं हे खरं असलं, तरी त्या ४२ पानांत तारा एकदाही भ्याली नाही, हेही खरं आहे. जिथे आठवेना तिथे मी घातलं. जिथे आठवत होतं पण मला पटत नव्हतं, तिथेही मी घातलं. खडकाआड बसणारी तारा दिव्याकडे धावू लागली.

बऱ्या झालेल्या ताराच्या हातात मी थोरली ठेवली. जिन्यात बसून तिने सगळं वाचलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. संपल्यावर वही मिटून म्हणाली, “अक्षर छान काढलंयस गं.”

एवढंच. नकाशा तिने पुन्हा काढला नाही.

त्या वर्षी शाळेच्या हस्तलिखिताचा विषय पाऊस होता. हस्तलिखित म्हणजे काय हे मराठी शाळेत न शिकलेल्याला सांगायला हवं : पांढरे जाड कागद, पेन्सिलीने आखलेल्या ओळी, चांगल्या अक्षराची मुलं निवडून त्यांच्याकडून उतरवून घेतलेले लेख-कविता, मध्ये मध्ये चित्रं, आणि सगळ्यांची मिळून एकच प्रत. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होतं आणि मग ती एक प्रत काचेच्या कपाटात जाते. आमच्या मराठीच्या बाई सांगायच्या, साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. रोज. बाईंचा या गोष्टीवर फार जीव होता. त्यांनी वर्गात विचारलं, पावसावर कुणी काही लिहिलंय का. मी थोरलीतला मिठागरात भरती चढते तो भाग दाखवला. ६१ ते ६४. मूळ पानांपैकी दोन माझी, दोन ताराची. आता चारही माझ्या अक्षरात. बाईंनी वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं, “तू लिहिलंस?”

अनुक्रमणिकेत एका लेखासमोर एकच नाव बसेल एवढी जागा होती, पण बाईंनी मला जागा विचारली नव्हती. दोन नावं सांगितली असती तर त्यांनी ती बारीक अक्षरात मावून घेतली असती. मी म्हणाले, “हो.”

तो भाग हस्तलिखितात उतरवून काढायचं काम ताराकडे आलं. मोत्यासारखं अक्षर तिचंच होतं. तिने निळ्या शाईत, सुरेख समास सोडून, चारही पानं लिहिली आणि खाली माझं नाव घातलं.

यानंतर आमचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. झालं नाही. आम्ही डबा एकत्रच खात होतो, शाळेतून घरी एकत्रच येत होतो. जे बदललं ते फक्त थोरलीला ठाऊक होतं. जानेवारी २००६मध्ये ताराचा आठवडा संपला, मी वही उघडली आणि सवयीने आधी शेवटची ओळ काढली. १२८वं पान. ‘मग दोघी घरी गेल्या.’ आणि त्यापुढे पूर्णविराम. नीट, गोल, थोडा दाबून दिलेला. तिच्या हलक्या हातातून कागदावर उमटलेली ती पहिली खूण असेल. पानाच्या मागे बोटाला लागते. मला करायला काहीच ठेवलं नव्हतं. नव्या ओळीवर, नव्या वाक्याने सुरुवात करावी लागली. त्यानंतर तिच्या प्रत्येक पाळीअखेर पूर्णविराम. दोन पानांचं दीड झालं, दिडाचं एक. मला राग येत होता आणि कशाचा ते कळत नव्हतं. आता वाटतं, कळत होतं.

फेब्रुवारीत शाळेत एका कंपनीच्या बायका आल्या. मुलगे मैदानावर, मुली सभागृहात, दारं लावलेली. चित्रं दाखवली, प्रत्येकीला एक पाकीट दिलं. त्या बाई ‘मासिक पाळी’ म्हणाल्या आणि मागच्या रांगेतून हशा उठला. घरी त्याला बाजूला बसणं किंवा कावळा शिवणं म्हणत; पाळी हा शब्द मला तोवर फक्त थोरलीमुळे माहीत होता. पाळी म्हणजे आपला आठवडा. परत येताना जिन्यात ताराने वही मागितली, पहिलं पान उघडलं आणि नियमावर बोट ठेवलं : पाळी चुकवायची नाही. ती इतकी हसली की पायरीवर बसली. मला त्यातलं निम्मंच कळलं. मग हसू आवरून, सहज, ती म्हणाली की तिला चार महिने झाले.

चार महिने. दिवाळीपासून. ही गोष्ट मला माहीत नव्हती आणि थोरलीलाही नव्हती. ती मला भेटत होती, डबा खात होती, तिच्या पोटात दुखत असेल, आणि तिने त्यातलं अक्षरही कुठे लिहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मला जितकं एकटं वाटलं तितकं पुढे माणसं कायमची गेली तेव्हाच वाटलं. त्यानंतर आम्ही पाळी म्हणणं सोडलं. ‘टर्न’ म्हणू लागलो. ‘या वीकला तुझा टर्न.’ शब्द गेला तशी त्यातली ऊबही गेली.

जूनमध्ये आठवी. गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकायचं म्हणून ती सेमीच्या तुकडीत गेली, मी मराठीच्या. तिला नव्या मैत्रिणी, क्लास, मधल्या सुट्टीत गाण्यांच्या गप्पा. ती उंच झाली. ओढणी घ्यायला लागली. मी अजून दोन वेण्यांत. शनिवारी थोरली घर बदलत होती, पण आता जिन्यात हातोहात जायची, दोन पायऱ्या बसून वाचणं नाही. रेवा आणि तारा गेली दोन वर्षं बारा वर्षांच्याच होत्या. त्यांनी तसंच राहावं असं मला मनापासून वाटत होतं. त्या मोठ्या झाल्या तर मिठागरात रात्री कोण जाणार?

सप्टेंबरातल्या एका शनिवारी मी वही उघडली आणि १६३वं पान बघितलं. बऱ्याच दिवसांनी पान पूर्ण भरलेलं, निळं. पहिल्याच ओळींत मिठाच्या टेकडीच्या पायथ्याशी तारा थांबते आणि रेवाला सांगते की मला वर चढता येणार नाही, मला कावळा शिवलाय. मी पुढे वाचलंच नाही. मला वाटलं, तिने जिन्यातला तो हशा आमच्या मिठागरात आणला. आमच्या एका जागेत तो नव्हता, तिथेही आणला. मी पान धरलं आणि ओढलं. पिनांपाशी ते सहज सुटलं नाही. दोनदा ओढावं लागलं. तसंच चालत तिच्या घरी गेले, दार तिने उघडलं, पान तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, “हे आपल्या गोष्टीत नाही चालणार.” तिने पान घेतलं. दार लावून घेतलं, आवाज न करता.

रात्री थोरली दप्तरात घालताना ३७-३८चं पान खाली पडलं. बेरीज २०१. ते माझं पान होतं, तोवर मी लिहिलेल्या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारं, पुराच्या पाण्यातही अक्षर न सोडलेलं. आता त्याला धरायला मागे काही नव्हतं.

आठवीनंतरच्या मे महिन्यात ताराच्या घरच्यांनी बोरिवलीला जागा घेतली. नकाशात बघावं तर मुलुंड आणि बोरिवली यांच्यात एक जंगल आहे, बस. आमच्या पश्चिमेकडे दिसतो तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा. शंभरावर चौरस किलोमीटरचं रान, आत तुळशी आणि विहार तलाव, बिबटे, आणि पलीकडच्या उतारावर बोरिवली. पक्षी असता तर सरळ गेला असता. माणसाने मध्य रेल्वेने दादरला जायचं, पूल चढायचा, उतरायचा, पश्चिम रेल्वेने परत तेवढंच वर. आता डोंगराखालून गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्यासाठी जुळे बोगदे खणण्याचं काम चालू आहे. तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना दादर ओलांडून एकटीने कोण पाठवणार होतं? थोरली माझ्याकडे राहिली. कुणी मागितली नाही.

कॉलेजात असताना मी ब्राँटे बहिणींबद्दल वाचलं आणि ग्रंथालयात बसून रडले. इंग्लंडातल्या यॉर्कशरमधल्या एका पाद्र्याची ही मुलं. दोन मोठ्या बहिणी १८२५मध्ये पाठोपाठ वारल्या आणि नऊ वर्षांची शार्लट थोरली झाली. १८२६मध्ये वडिलांनी मुलासाठी लाकडी शिपाई आणले. चारही भावंडांनी त्या शिपायांभोवती एक आख्खं जग रचलं आणि तळहाताहून लहान वह्या शिवून त्यांत मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं. मग मुलं वाढली. एमिली आणि ॲन या धाकट्या दोघी त्या जगातून बाहेर पडल्या आणि त्यांनी आपलं वेगळं बेट उभं केलं, गाँडल नावाचं. शार्लट आणि भाऊ जुन्या जगात राहिले. गाँडलच्या गद्य कथा आज शिल्लक नाहीत, त्या जगातल्या कविता तेवढ्या आहेत. धाकट्या का निघाल्या याची पुष्कळ चर्चा अभ्यासकांनी केली आहे. मला ती वाचताना सारखं वाटत होतं की मोठ्यांच्या गोष्टीत आपल्या माणसांना आपल्यासारखं वागता येत नसेल, म्हणून निघाल्या असतील. हे माझं वाटणं आहे, पुरावा नाही. पण ४२ पानं मी स्वतः लिहून काढली आहेत.

मागच्या डिसेंबरात ताराचे वडील गेले. शाळेच्या ग्रुपवर कळलं. दिवस झाल्यावर मी बोरिवलीला भेटायला गेले. वझिरा नाक्याच्या बाजूला त्यांचं घर आहे, तिची आई आतल्या खोलीत पडून होती. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. वडिलांचं बोललो, धाकट्या बहिणीचं बोललो. चहा झाल्यावर मी विचारलं, ते पान तिने काय केलं. कुठलं पान, असं ती म्हणाली नाही. उठली आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका असतात ती प्लॅस्टिकची फाइल घेऊन आली. सगळ्यांत मागच्या कप्प्यात १६३-१६४ होतं. पिनांच्या जागी दोन फाटकी भोकं. लिहिल्यानंतर पान कधी भिजलं नव्हतं, म्हणून निळं अक्षर तसंच्या तसं.

मी ते अठरा वर्षांनी पुढे वाचलं. हशा त्यात कुठेच नव्हता. तारा पायथ्याशी थांबते. पोटात दुखतंय आणि भीतीही वाटतेय, असं रेवाला स्पष्ट सांगते. कशाची भीती ते तिला सांगता येत नाही, पण अंधाराची नाही, एवढं नक्की. रेवाला राग येतो. तारा तिचा हात धरते. १६४व्या पानाच्या तळाशी ती म्हणते : ‘तुला अजून नाही ना, मग तू चढ. मी खाली दिवा धरते. वर पोचलीस की सांग तिथून काय दिसतं. मला वाटतं, तिथून’

पूर्णविराम नाही. निळी ओळ तिथेच तुटलेली.

मी पान उलटं करून पुन्हा बघितलं. तारा ओट्याशी कप विसळत होती, माझ्याकडे पाठ.

पुढच्या रविवारी मी थोरलीला घेऊन गेले. आम्ही जमिनीवर पेपर पसरून बसलो. ३७-३८ आणि १६३-१६४ शेजारी शेजारी ठेवली, मध्ये पातळ कागदाची पट्टी डिंकाने चिकटवली, वाळू दिली, आणि पिनांची टोकं उचलून तो कागद परत त्याच्या जागी बसवला. ताराच्या आईने बाहेर येऊन विचारलं, काय गं हे? तारा म्हणाली, “भूगोल.”

थोरलीची ३६ पानं कोरी आहेत. ती आता पंधरा दिवसांनी घर बदलते, दादरला गाडी बदलून. एकदा तारा येते, एकदा मी जाते. मधल्या पुलावर भेटून दिली-घेतली असंही दोनदा झालं. अजून ती सपाट बसत नाही. आत्ता माझ्या टेबलावर आहे, तोंड किंचित उघडं ठेवून. पाळी माझी आहे.